अखेरच्या आजाराची जबाबदारी कोणाची?

“आता करण्यासारखे काही उरले नाही, रुग्णाला घरी घेऊन जा,” हे वाक्य महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी ऐकलेले आहे. विदर्भातून वा मराठवाड्यातून उपचारांसाठी परळला आलेला आणि टाटा रुग्णालयाच्या परिसरातील पदपथावर दिवस काढलेला शेतमजूर हे वाक्य ऐकून गावी परततो, तेव्हा आरोग्यव्यवस्थेच्या लेखी त्याचे प्रकरण मिटलेले असते. त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ मात्र तेव्हाच सुरू होतो. वेदनेने रात्र सरत नाही, जखमा चिघळतात, अन्न गिळवत नाही. उपचारांपायी शेतीचा तुकडा गहाण पडलेला असतो. पत्नीची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते. पुढे मृत्यू येतो, तेरावा होतो, आप्तेष्ट आपापल्या कामाला लागतात, आणि कर्जासह व दुःखासह ते घर एकटे राहते.

मरण सर्वांना सारखेच येते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. सधन कुटुंबाला घरी परिचारिका ठेवता येते, लोखंडी खाट आणि प्राणवायूची नळकांडी भाड्याने आणता येते, डॉक्टरांना घरी बोलावता येते. भूमिहीनाच्या एका खोलीच्या घरात यांतले काहीच पोहोचत नाही. जगण्यातील विषमता मरणाच्या दारापर्यंत माणसाची पाठ सोडत नाही. त्यामुळे अखेरच्या आजारातील शुश्रूषा हा केवळ वैद्यकाचा किंवा कुटुंबाचा खासगी प्रश्न राहत नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो.

“करण्यासारखे काही उरले नाही” हे विधान वैद्यकीय दृष्ट्याही चुकीचे आहे. रोग बरा होणार नसला तरी वेदना शमविता येते, जखमेची दुर्गंधी थांबविता येते, अंथरुणाला खिळलेल्याची कूस वेळोवेळी बदलून त्याला पाठीचे व्रण होण्यापासून वाचविता येते. रुग्णाला व त्याच्या घरच्यांना मनमोकळेपणाने बोलता येईल असे माणूस मिळवून देता येते. याच शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक शुश्रूषा, असे म्हणतात. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडून त्याचा आधुनिक पाया घातला. भारतातील पहिले असे गृह, ‘शांती अवेदना सदन’, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यात १९९७ पासून सिप्लाचे केंद्र विनामूल्य सेवा देत आहे. या कार्याबद्दल आदरच वाटावा. परंतु अशा संस्थांतील खाटा मोजक्या आणि त्याही शहरांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना या सेवेची गरज आहे अशा शंभरांपैकी जेमतेम चौदा जणांना ती मिळते. उरलेल्यांत बहुसंख्य लोक गरीब देशांतील आहेत.

औषधाची कथा याहून उद्वेगजनक आहे. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ते ज्या अफूपासून बनते, ती अफू नीमच, मंदसौर, चित्तोडगड या भागांतील शेतकरी सरकारी परवान्याने पिकवितात आणि भारत ती परदेशी निर्यात करीत आला आहे. तरीही याच देशातील कर्करोगी तळमळत राहिला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने रुग्णालयांवर परवान्यांचे असे जंजाळ लादले की पुढील काळात मॉर्फीनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. एवढ्याने प्रश्न सुटला नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने भारतात गरजेच्या केवळ चार टक्क्यांच्या आसपास हे औषध उपलब्ध असल्याचे दाखवून दिले. सन्मानाने मरण हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. पण ज्या तालुक्यात मॉर्फीनची गोळी मिळत नाही, तेथे या हक्काला अर्थ कोणता?

या अंधारात वाट दाखविली ती केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे छोटे केंद्र सुरू केले. रुग्णालयात बसून दूरच्या खेड्यांतील रुग्णांपर्यंत पोहोचता येत नाही, हे थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्यांनी हे काम लोकांच्याच हाती सोपविले. आठवड्यातून किमान दोन तास देणारे शेजारीपाजारी पुढे आले. त्यांना रुग्णाशी बोलण्याचे आणि साध्या शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. आपल्या परिसरात अंथरुणाला खिळलेले कोण आहे याची नोंद त्यांनी केली, आणि परिचारिका व डॉक्टर त्यांच्यासोबत घरोघर जाऊ लागले. पैसा उभा राहिला तो मुख्यतः दुकानांतील डब्यांतून आणि सामान्य माणसांच्या लहान लहान देणग्यांतून. या गटांनी केवळ औषधे दिली नाहीत. निकड असलेल्या घरी तांदूळ पोचविले, मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला. कर्करोग्यांबरोबरच पक्षाघाताचे, मूत्रपिंडाच्या विकाराचे आणि वार्धक्याने थकलेले रुग्णही त्यांनी आपले मानले. वेगवेगळ्या पक्षांचे आणि धर्मांचे लोक या कामात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अखेर २००८ मध्ये केरळ सरकारने याविषयीचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींनी परिचारिका नेमून गृहभेटींची व्यवस्था सुरू केली.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात येणे साहजिकच आहे. सेवाकार्याचा भार लोकांनी उचलला तर सरकारला आपली जबाबदारी झटकण्यास आयतेच निमित्त मिळणार नाही काय? हा धोका खरा आहे. आशा स्वयंसेविकांच्या तुटपुंज्या मानधनावर सार्वजनिक आरोग्याचा डोलारा उभा करणाऱ्या सरकारच्या बाबतीत तो अधिकच खरा आहे. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा स्त्रीनेच करावयाची, हे समाजाने गृहीत धरलेले असताना ‘सेवाभावा’चा जयघोष पुन्हा तिच्याच पाठीवर ओझे टाकण्याची शक्यता आहे. परंतु केरळच्या अनुभवाचा क्रम ध्यानात घ्यावा. तेथे लोकसंघटन आधी उभे राहिले, त्याने गरजेचे मोजमाप केले, आणि त्या बळावर शासनाला व पंचायतींना तिजोरी उघडावी लागली. महाराष्ट्रालाही हा क्रम अपरिचित नाही. दुष्काळी कामांच्या मागणीतूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्मला होता. स्वयंसेवकाने परिचारिकेची जागा घ्यावयाची नाही. परिचारिका नेमली जावी म्हणून त्याने गावाला जागे करावयाचे आहे.

मृत्यूनंतरच्या दुःखाचेही असेच आहे. शोक ही ज्याची त्याने सोसावयाची गोष्ट, असे म्हणून समाज मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या शोकात तो स्वतः भर घालीत असतो. पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, तिला शुभकार्यांतून वगळणे, ही दुःखितेला दिलेली शिक्षाच होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. ग्रामसभा शोकग्रस्त स्त्रीच्या पाठीशी उभी राहू शकते, हे हेरवाडने सिद्ध केले. आता त्यापुढचे पाऊल हवे. तेराव्यानंतरही त्या घरी कोणी नियमाने जावे, वारसनोंद, विधवा निवृत्तिवेतन, सावकाराचा तगादा यांत तिला साथ द्यावी, आणि तिला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे कोणी असावे.

महाराष्ट्राने उपशामक शुश्रूषेचे धोरण २०१२ मध्येच स्वीकारले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिचा समावेश आहे, आणि आरोग्य उपकेंद्रांनी द्यावयाच्या सेवांच्या यादीतही तिचे नाव आहे. कागद भरपूर आहेत. ते जमिनीवर आणण्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मॉर्फीनचा साठा आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रांमागे गृहभेटींसाठी पूर्ण वेतनावर परिचारिका, ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र तरतूद, आणि आशा स्वयंसेविकांवर हे काम सोपविल्यास त्याचा रास्त मोबदला.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन प्रतीके ठेवली होती. मतपेटीच्या मागे धावताना फावडे कोपऱ्यात पडून राहिले, हे कटू असले तरी खरे आहे. ते पुन्हा हाती घेण्यास यापेक्षा योग्य काम क्वचितच सापडेल. प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात आपल्या गावात वा वस्तीत घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी, चार-पाच जणांनी आठवड्याचे दोन तास त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, आणि ती यादी घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. सभा-संमेलनांत समतेच्या घोषणा देणाऱ्या पक्षाची ओळख गावाला या यादीवरूनही पटली पाहिजे.