रुळांमधले तीन इंच

मॉडेल रेल्वेचा आराखडा करणे ही समीक्षेचीच एक कृती आहे, असे म्हटले तर आपल्या मराठी विभागांच्या स्टाफरूममध्ये हशा पिकेल. पिकू दे. 'वास्तवाचे हुबेहूब चित्रण' हे शब्द ज्या खोल्यांमधून गेली पन्नास-साठ वर्षे विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेसाठी पुरवले जात आहेत, तिथल्या मंडळींनी हुबेहूबपणाचा खरोखर छळ सोसणाऱ्या माणसांना हसण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढेच म्हणणे आहे. चार मिलिमीटरला एक फूट ह्या प्रमाणात एखादे स्थानक उभारणाऱ्याला कोणता शेड कोणत्या साली पाडला हे ठाऊक असावे लागते. आपल्या ग्रामीण कादंबरीच्या समीक्षकाला गावातली विहीर कोणत्या आळीत होती हे ठाऊक नसले तरी चालते.

ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या शाखामार्गांची मॉडेल्स करणे हा एक प्रतिष्ठित छंद आहे आणि त्याला स्वतःचे लिखित वाङ्मय आहे. १९५० पासून जवळजवळ तीन दशके 'रेल्वे मॉडेलर' मासिकाचे संपादक असलेल्या सिरिल फ्रीझर ह्यांनी लहान घरांत मावतील असे आराखडे देऊन ह्या छंदाला एक साचाच मिळवून दिला. शाखामार्गाच्या टोकाचे स्थानक, एक फलाट, एक मालधक्का, इंजिनाची एक शेड, दोन डब्यांची गाडी. साचा मुळात व्यवहारी होता, हे मान्य करायला हवे. साडेतीन मीटरच्या भिंतीलगत लंडनचे पॅडिंग्टन मावत नाही. डेव्हनमधले एखादे अ‍ॅशबर्टन मात्र मावते, आणि तिथे खऱ्यासारखी शंटिंगही करता येते. पण साहित्यात काय होते ते आपल्याला माहीत आहे. सोयीसाठी पत्करलेला आकृतिबंध दोन पिढ्यांत जीवनदृष्टी होऊन बसतो. लहान स्थानकाचे झाले सुंदर स्थानक, सुंदर स्थानकाचे झाले हरवलेले स्थानक, आणि शेवटी उरले ते निखळ स्मरणरंजन. उन्हाळ्याची कायमची दुपार, फलाटावर दुधाचे डबे, आणि ह्या साऱ्याचा नाश करणारा एक खलनायक.

तो खलनायक म्हणजे डॉ. रिचर्ड बीचिंग. २७ मार्च १९६३ रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दोन हजार तीनशेहून अधिक स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. शोकगीताला एक मारेकरी लागतो आणि तो बीचिंगांच्या रूपाने आयता सापडला. पण वर उल्लेखिलेल्या अ‍ॅशबर्टनची प्रवासी गाडी १९५८ सालीच थांबली होती. बस आणि मोटारलॉरी ह्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच ह्या मार्गांचे प्रवासी आणि माल पळवायला सुरुवात केली होती. स्मरणरंजनाला कारणमीमांसेचे वावडे असते, ते असे.

आता ह्याच साच्यात नेहमी बसवल्या जाणाऱ्या, पण त्यात न मावणाऱ्या एका मार्गाकडे येऊ. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, लांबी सव्वाआठ मैल, रुळांमधले अंतर अडीच फूट. २७ जून १९०४ रोजी सुरू झाली, मार्च १९३४ मध्ये बंद झाली. तीस वर्षेही पुरी भरली नाहीत. दोन इंजिने, चार प्रवासी डबे, डब्यांना फिकट पिवळा रंग, टोकांना सज्जे आणि सज्जांना नक्षीदार लोखंडी कठडे. इंजिने २-६-४ चाकांची, आणि त्यांच्या कपाळावर एवढा मोठा दिवा, की इंग्लंडातल्या त्या चिमुकल्या दरीत तो कशासाठी असा प्रश्न पडावा.

तो दिवा, ते सज्जे आणि ती अडीच फुटांची रुंदी ही सारी बार्शीची देणगी आहे. ह्या मार्गाचे अभियंते एव्हरार्ड काल्थ्रॉप हे १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले होते. कापसाची पेठ असलेली बार्शी मुख्य मार्गापासून वीस-बावीस मैल दूर होती आणि मधला सारा माल बैलगाडीने जाई, हे त्यांनी पाहिले. १८९७ मध्ये त्यांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज इथपर्यंत पोहोचून दोनशे मैलांवर गेली. काल्थ्रॉप ह्यांचा सिद्धांत साधा होता. प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही मोठे डबे आणि जड माल नेता येतो. सोलापूर जिल्ह्यात खरा ठरलेला हा सिद्धांत त्यांनी इंग्लंडात मॅनिफोल्डच्या दरीत पुन्हा मांडला. (हा गृहस्थ पुढे विमानातून उडी घेण्यासाठीची हवाईछत्री बनवण्याच्या नादी लागला. तो वेगळा विषय आहे.) मॅनिफोल्डच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्यांचेच नाव होते.

म्हणजे जो मार्ग 'खास इंग्रजी' ग्रामीण लहरीपणाचा नमुना म्हणून मिरवला जातो, त्याचे पूर्वरूप बालाघाटाच्या पायथ्याशी आहे. वसाहतीकडून महानगरीय केंद्राकडे तंत्रज्ञान गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा हाती लागत नाही. मॅनिफोल्डवरच्या लेखनात बार्शीचा उल्लेख होत नाही असे नाही. होतो, पण प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचा व्हावा तसा, एका वाक्यात. त्यानंतर लगेच डोंगर, धबधबे आणि थॉर्स केव्हची गुहा सुरू होते.

इथे आराखड्याचा प्रश्न येतो. सव्वाआठ मैल म्हणजे सव्वातेरा किलोमीटर. चार मिलिमीटरच्या प्रमाणात त्याचे १७४ मीटर होतात. घरातल्या खोलीची भिंत साडेतीन-चार मीटरची. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग वगळायचे आणि उरलेल्या दोहोंत मार्ग 'दाखवायचा'. ज्याला हे अनुकरण वाटते त्याने अ‍ॅरिस्टॉटल पुन्हा उघडावा. ही निवड आहे, आणि निवड करणारा तिच्यासाठी जबाबदार असतो.

बहुतेक आराखडे काय निवडतात? नदी, पूल, गुहेचा कडा, आणि स्थानकाला खेटून एक टुमदार गाव. ह्यातले शेवटचे तर सरळ असत्य आहे. ग्रिंडन, बटरटन, वेटन ही गावे वर डोंगरावर आणि त्यांच्या नावांची स्थानके खाली दरीत. घरी जायचे तर चढण चढावी लागे. जिथे गाव नाही तिथे प्रवासी कुठून येणार? सुट्टीच्या दिवशी शहरातले सहलकरी गर्दी करत आणि एरवी डबे रिकामे धावत. मार्गाच्या मरणाचे कारण ह्या भूगोलातच आहे, आणि आराखडा काढणारा गाव उचलून फलाटाशेजारी ठेवतो तेव्हा तो ते कारणच पुसून टाकतो. नदीचेही तसेच. चुनखडीच्या त्या प्रदेशात कोरड्या उन्हाळ्यात मॅनिफोल्ड वेटन मिलच्या खाली जमिनीत लुप्त होते आणि पात्रात नुसते दगड राहतात. पण मॉडेलमध्ये जून महिना आणि खळाळते पाणी दोन्ही हवे असते.

सालाचेही भान हवे. १९०४ चा उन्हाळा दाखवायचा तर वॉटरहाउसेसला मोठ्या गेजचा मार्ग दाखवता येत नाही. तो १९०५ मध्ये पोहोचला. आणि तो नसेल तर ह्या मार्गाची सर्वांत बुद्धिमान वस्तू, म्हणजे मोठ्या गेजचा मालडबा पाठीवर घेऊन धावणारा वाहक डबा, निरर्थक ठरते. एक्टनच्या दुग्धशाळेतले दूध ह्याच व्यवस्थेने बाहेर जाई. दुग्धशाळा बंद झाली, दूध रस्त्याने जाऊ लागले, मग रेल्वेला जगण्याचे कारण उरले नाही. म्हणून माझ्या मते आराखड्याच्या केंद्रस्थानी गुहा नको, एक्टन आणि वॉटरहाउसेस हवे. जिथे माल एका गेजवरून दुसऱ्यावर जातो ती जागा हवी.

ह्यावर रिव्हेट मोजणारे पंथीय म्हणतील, की ही सारी चर्चा दुय्यम आहे, आधी प्रमाण अचूक ठेवा. बरे, तेही पाहू. अडीच फूट म्हणजे चार मिलिमीटरच्या प्रमाणात बरोबर दहा मिलिमीटर. पण बाजारात सहज मिळणारे रूळ नऊ मिलिमीटरचे, म्हणून बहुतेक मॉडेल्स त्यावर धावतात. म्हणजे अडीच फुटांची रेल्वे सव्वादोन फुटांची होते. शेजारचा मोठा मार्गही निर्दोष नाही: साडेसोळा मिलिमीटरच्या प्रचलित रुळावर चार फूट साडेआठ इंचांचे चार फूट दीड इंच होतात. हा दोष सर्वांना ठाऊक असतो आणि सर्वांनी तो संकेत म्हणून स्वीकारलेला असतो. त्याला माझी हरकत नाही. नाटकात तीन भिंतींचे घर आपण स्वीकारतोच. हरकत आहे ती कबूल केलेल्या तीन इंचांच्या आड कबूल न केलेले एक अख्खे गाव दडवण्याला. आपल्याकडे बोलीचे चार शब्द अचूक टिपले की कादंबरीतली जात आणि सावकारी कुठे गेली हे कुणी विचारत नाही. रोग तोच आहे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मॉडेल म्हणजे प्रबंध नव्हे. मॅनिफोल्डच्या दरीत उभे राहिले तर बार्शी दिसत नाही, मग जे दिसत नाही ते मॉडेलमध्ये कसे आणायचे? पण डोळ्यांना दिसते तेवढेच दृश्य असते, असे मानणारी समीक्षा आपण कधीच मागे टाकली आहे. शिवाय इथे ते दिसतेच: दिव्यात, सज्जात, फलाटाच्या बुटकेपणात. प्रश्न ते वाचता येण्याचा आहे. इंग्लंडातल्या लाँग विटनहॅम इथले पेंडन संग्रहालय उभारले ते रॉय इंग्लंड ह्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स परिसरातली गवती छपरांची घरे बदलत चालली आहेत हे त्याला दिसले आणि त्याने ती मोजून-मापून लहान आकारात करायला घेतली. परक्या डोळ्याला काय दिसू शकते ह्याचा एवढा पुरावा पुरे. तो डोळा बार्शीकडूनही यायला हरकत नाही.

बार्शीकडून मात्र काही येत नाही, आणि ह्या लेखातला खरा राग त्यावर आहे. मॅनिफोल्डच्या मार्गाची १९३७ मध्ये पायवाट झाली, ह्यूम एंडचे तिकीटघर आजही अभ्यागत केंद्र म्हणून उभे आहे, आणि त्या तीस वर्षांवर पुस्तके लिहिली गेली. बार्शी लाइट शंभर वर्षांहून अधिक चालली. तिने कापूस नेला, गूळ नेला, आषाढीची गर्दी नेली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने ती ब्रॉडगेज झाली. गेज बदलले ह्याचे दुःख नाही. लातूरच्या माणसाने आमच्या रसिकतेसाठी रखडत प्रवास का करावा? दुःख हे, की मराठीत तिच्याबद्दल काय उरले, तर उतरून पुन्हा पळत गाठता येणाऱ्या गाडीचे विनोद. विनोदी लेखातली 'छोटी गाडी' आणि इंग्रजी मॉडेलमधली गोंडस गाडी ह्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही माल नाही, मजूर नाही, हिशेब नाही.

म्हणून माझा आराखडा दोन फळ्यांचा आहे. एकीवर १९२० च्या आसपासचे वॉटरहाउसेस, दुसरीवर त्याच काळातले कुर्डुवाडी. दोन्ही ठिकाणी मोठी गाडी थांबते आणि लहान गाडी सुरू होते. दोन्हींवर तोच नऊ मिलिमीटरचा रूळ. पहिल्या फळीसाठी लागणारे नकाशे, छायाचित्रे आणि डब्यांची मापे इंग्लंडातून मिळवता येतात. दुसऱ्या फळीसाठी कुर्डुवाडीच्या जुन्या यार्डात किती रूळ होते, मालधक्का कोणत्या बाजूला होता, हमाल पोती कुठून कुठे नेत, हे विचारत फिरावे लागेल. बार्शी, माढा, पंढरपूर परिसरातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे अनेक मित्र हे लेखन वाचतात. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेली माणसे त्यांच्या गावांत अजून असतील. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पांसाठी 'ग्रामीण कादंबरीतील वास्तव' हा विषय पुन्हा वाटण्याआधी एका तरी विद्यार्थ्याला वही आणि मोजपट्टी देऊन तिकडे पाठवावे.