बंदूक कोणाच्या पायाशी ठेवावी?

चंबळच्या बेहडांतील, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतील, दरोडेखोर स्वतःस डाकू म्हणवून घेत नसत, बागी म्हणजे बंडखोर म्हणवीत; आणि धर्माचे म्हणाल तर कित्येकांच्या कपाळी ठसठशीत टिळा असे, देवीची पूजा चुकत नसे, तिच्या देवळात घंटाही वाहिल्या जात. तेव्हा धर्मश्रद्धा वाढली की गुन्हे आपोआप घटतात, हा जो भाबडा सिद्धांत प्रवचनकारांपासून पोलिस खात्यातील अंमलदारांपर्यंत अनेक जण समारंभांतून मांडीत असतात, त्याच्या खंडनास तर्कशास्त्र नको. त्या घंटा पुरेत.

तथापि याच मुलुखात १९६० च्या मे महिन्यात जे घडले, तेही दृष्टिआड करता येत नाही. नामांकित बागी मानसिंग याचा मुलगा तहसीलदारसिंग याने नैनीच्या तुरुंगातून, फाशीची शिक्षा डोक्यावर असताना, विनोबा भाव्यांना पत्र धाडले. आणि त्या पत्रानंतर पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा हा कृश, पायी फिरणारा म्हातारा बेहडांत शिरताच वीसेक बागी त्याला शरण आले. त्यांपैकी लुक्का व त्याचे साथीदार आले ते दुर्बिणी बसविलेल्या किमती बंदुका घेऊन, आणि त्या त्यांनी विनोबांच्या पायाशी ठेवल्या. हीच शस्त्रे फौजदाराच्या टेबलावर ठेवण्याची पाळी येती, तर मिशीला पीळ देणाऱ्या त्या माणसांनी मरण पत्करले असते. साधूपुढे वाकण्यात मात्र त्यांच्या समाजात कमीपणा नव्हता. माझ्या मते श्रद्धेचा खरा उपयोग येथे आहे: ताठ माणसाला अब्रू न गमावता वाकता येईल, असा दरवाजा ती उघडून देते.

दरवाज्यापलीकडची व्यवस्था मात्र सरकारदरबारीच व्हावी लागते. विनोबांनी माफीचे आश्वासन दिले नव्हते, खटले रीतसर चालले, पोलिसांच्या वरिष्ठांनी तर या उपक्रमावर उघड टीका केली. आणि मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना यातले काय वाटले, हे विचारण्याची तसदी टीकाकारांनी घेतली नाही, तशी कौतुक करणाऱ्यांनीही फारशी घेतली नाही. पुढे १४ एप्रिल १९७२ रोजी याच मुलुखातील जौरा येथे जयप्रकाश नारायणांच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग प्रभृती बागींनी गांधीजींच्या तसबिरीपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा फाशी होणार नाही याची बोलणी आधीच झालेली होती आणि मागाहून मुंगावलीचे खुले कारागृहही उभे राहिले. भक्तिभाव दोन्ही वेळी होता. दुसऱ्या वेळी सोबतीला बंदोबस्तही होता, इतकाच फरक, आणि तो थोडा नव्हे.

आज तुरुंगांत भजन-कीर्तनाची परवानगी मागणारी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांनी टाळमृदंग अवश्य न्यावेत. पण भक्तीच्या सोबतीला बंदोबस्त लागतो हे ध्यानी ठेवून, परतताना तुरुंगाधिकाऱ्यांपाशी एवढीच चौकशी करावी की पुढील महिन्यात सुटणाऱ्यांपैकी ज्यांना न्यायला कोणी येणार नाही, असे किती जण आहेत.