चेंडूची पारख

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात आणि चाल पाहिल्याशिवाय सौदा ठरत नाही. मात्र दिवसभर गादीवर बसून आखडलेल्या कंबरेसाठी व्यायामाचा मोठा चेंडू घेताना तोच चोखंदळ व्यापारी केवळ रंग आणि किंमत पाहतो. घरातील वडीलधारी मंडळी त्यावर बसणार असतील, तर ही घाई धोक्याची ठरते.

इटलीतील अक्विलिनो कोसानी यांनी १९६३ साली घडविलेला हा चेंडू पुढे ‘स्विस बॉल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पाच ते साडेपाच फूट उंचीच्या व्यक्तीस साधारणतः ५५ सेंटिमीटर, तर सहा फुटांपर्यंत ६५ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू योग्य असतो. बसून पाहणे हीच खरी कसोटी: तळवे जमिनीवर पूर्ण टेकावेत व गुडघे काटकोनात यावेत. खोक्यावरील वजनमर्यादा आणि ‘अँटी-बर्स्ट’ ही नोंद अवश्य वाचावी. असा चेंडू छिद्र पडल्यास सहसा एकदम फुटत नाही, त्यातील हवा हळूहळू जाते.

पहिल्या दिवशी हवा थोडी कमी भरावी, दुसऱ्या दिवशी पूर्ण करावी. ऊन, शेगडी व टोकदार वस्तूंपासून चेंडू दूर ठेवावा. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा. ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारून, भिंतीलगत आणि कोणी सोबत असतानाच त्यावर बसावे.

छिद्र पडलेल्या चेंडूस ठिगळ लावू नये. बुडीत येणे वेळीच वहीतून वजा करणाऱ्याने येथेही तोच हिशेब ठेवावा.