सिम पोर्ट होतं, मग लाईटचा मीटर का नाही? डहाणू-तलासरीकरांनी समजून घ्यायची गोष्ट

डहाणू / तलासरी : "दादा, सिमकार्ड पोर्ट करता येतं, मग लाईट का नाही?" आमच्या पाड्यावरच्या एका पोराने मला विचारलं. पोरगा रोज उंबरगावला कंपनीत कामाला जातो. त्याचं म्हणणं सरळ होतं. रिचार्ज परवडत नसेल तर आपण मोबाईलची कंपनी बदलतो. लाईट सारखी जाते, बिल वाढतं, तर लाईटची कंपनी का बदलायची नाही?

त्याच आठवड्यात पाड्यावर नवीन मीटर बसवायला दोन माणसं आली. घरात म्हातारी एकटी होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, "आपली लाईट दुसऱ्या कंपनीला विकली." व्हॉट्सअॅपवरही तेच फिरायला लागलं.

दोन्ही गोष्टींची गल्लत होते आहे. मीटर बदलणं वेगळं आणि कंपनी बदलणं वेगळं. पण या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो आजच समजून घेतला नाही तर उद्या अडचण आपलीच होईल.

मीटर नवा, कंपनी जुनीच

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या घरगुती ग्राहकाला आज वीज देणारी कंपनी एकच आहे, महावितरण. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन ती तयार झाली. खांब, तारा, डीपी आणि बिल सगळं तिचंच.

मग नव्या मीटरवर खासगी कंपनीचं नाव कशाला? केंद्राच्या २०२१ च्या योजनेत जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. २०२३ मध्ये महावितरणने त्याची कंत्राटं दिली. आपला पालघर भाग कल्याण परिमंडळात येतो आणि त्या परिमंडळाचं काम अदानी समूहाकडे गेलं. म्हणजे मीटर बसवायचा आणि सांभाळायचा ठेका त्यांचा, वीज मात्र महावितरणची. दर ठरवतो तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. मीटर बदलला म्हणून दर बदलत नाही.

आधी हे मीटर प्रीपेड होणार होते. लोकांनी विरोध केला. जून २०२४ मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सांगितलं. त्यानंतर 'टीओडी मीटर' हे नाव आलं. हा मीटरही स्मार्टच आहे, पण पैसे वापरानंतर, नेहमीसारख्या बिलाने भरायचे.

टीओडी म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मीटर वेगळं मोजतो. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट मिळेल, असं महावितरणने १ जुलै २०२५ पासून जाहीर केलं. ऐकायला बरं आहे. पण आपल्याकडे दिवसा घरात असतं कोण? कोणी वाडीत चिकू काढायला, कोणी कंपनीत, कोणी बांधकामावर. पंखा आणि टीव्ही लागतात ते अंधार पडल्यावर. समजा महिन्याला ६० युनिट जळतात आणि त्यातले १५ दिवसा. तर सूट झाली १२ ते १५ रुपये. दिवसभर फ्रीज, मोटर, शिलाई मशीन किंवा पिठाची गिरणी चालते, त्याला जास्त फायदा.

कंपनी बदलायला काय लागतं?

मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. ते सोपं होतं, कारण प्रत्येक कंपनीचे टॉवर आधीच उभे होते. विजेचं तसं नाही. घरापर्यंत तार एकच येते.

२००३ च्या वीज कायद्यात दोन रस्ते आहेत. पहिला 'खुला प्रवेश'. तार महावितरणची, वीज दुसऱ्याकडून. पण तो आहे मोठ्या ग्राहकासाठी, १ मेगावॉटपेक्षा जास्त मागणी असणाऱ्यासाठी. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी सौर, पवन अशा हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. आपल्या घराचा भार असतो एक-दोन किलोवॉट. म्हणजे तारापूरच्या मोठ्या कारखान्याला हे दार उघडं आहे, आपल्याला नाही.

इथेच मीटरचा प्रश्न येतो. खुल्या प्रवेशाने वीज घेणाऱ्याला दर १५ मिनिटांचा वापर नोंदवणारा मीटर लागतो. कुणाची वीज किती जळली, हिशेब कुणाशी करायचा, हे त्याशिवाय कळत नाही. आपला जुना मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो. त्यावर दोन कंपन्यांचा हिशेब बसूच शकत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना. मुंबई उपनगरात हे झालं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज द्यायची वाट मोकळी केली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, आयोगाने कंपनी बदलायची पद्धत घालून दिली. तार रिलायन्सची, वीज आणि बिल टाटाचं, असं सुरू झालं. पण तिथेही अर्ज, जुनी थकबाकी, मीटर कुणाचा, शेवटचं रीडिंग कोणी घ्यायचं, या सगळ्याचे नियम करावे लागले. वर दुसऱ्याची तार वापरायचा आकार आणि अधिभारही बिलात आले. म्हणून दर कमी दिसला तरी बिल तेवढंच कमी होईल असं नव्हतं.

आता गंमत बघा. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र १९९५ पासून उभं आहे. आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. इथली वीज जाते मुंबई उपनगराला. कोळसा जळतो आपल्या दारात आणि कंपनी निवडायची मुभा आहे ती अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला.

हद्दीपलीकडे काय आहे?

तलासरीच्या माणसाला शेजारचं लगेच दिसतं. अच्छाडच्या पुढे गेलं की गुजरात, तिथे दक्षिण गुजरात वीज कंपनी. उधव्याच्या अंगाने दादरा-नगर हवेली, तिथे १ एप्रिल २०२२ पासून वितरणाचं काम टोरेंट समूहाकडे, ५१ टक्के मालकी त्यांची. "त्यांच्याकडची लाईट घेऊ" असं लोक सहज बोलतात. पण वितरणाचा परवाना त्या त्या हद्दीपुरता असतो. खांब शंभर पावलांवर असला तरी ती वीज आपल्याला घेता येत नाही. आणि तिकडच्या घरवाल्यालाही निवड नाही. त्याच्यासाठीही कंपनी एकच.

निवड आली तर आपलं भलं होईल का?

हा प्रश्न लांबचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत वीज दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. एकाच तारेवर अनेक कंपन्यांना वीज विकू द्यायची, असा त्याचा रोख होता. ते स्थायी समितीकडे गेलं. त्याच वर्षी अदानीने नवी मुंबई-भांडुप भागासाठी समांतर परवाना मागितला. त्याविरोधात ४ जानेवारी २०२३ ला राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मिटला.

कर्मचारी संघटनांचं म्हणणं असं की, नवीन कंपनी मलई उचलेल. कारखाने, हॉटेलं, मोठे बंगले तिच्याकडे जातील आणि पाड्यावरची घरं, शेतीपंप महावितरणकडे उरतील. मोठा ग्राहक जास्त दर भरतो म्हणून छोट्याला कमी दर लागतो, ते गणित मोडेल. दुसरी बाजू म्हणते, स्पर्धा आली तर सेवा सुधारेल. पावसाळ्यात तीन-तीन दिवस लाईट नसलेल्या माणसाला हे पटतं, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

माझं मत विचाराल तर बोर्डीच्या रिसॉर्टला दुसरी कंपनी पटकन मिळेल. डोंगरातल्या आठ घरांच्या पाड्याला मिळणार नाही, कारण तिथे तार ओढायचा खर्च बिलातून निघत नाही. म्हणून निवड द्यायची तर "सगळ्यांना वीज द्यावीच लागेल" ही अट कागदावर आधी हवी.

आणि दुसरी अट मीटरची. ब्रिटनमध्ये घरवाला कंपनी बदलू शकतो. तिथे पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर कंपन्यांनी आपापल्या यंत्रणेला जोडून बसवले. ग्राहकाने कंपनी बदलली की पुष्कळ ठिकाणी तो स्मार्ट मीटर मुका व्हायचा. नवीन कंपनीला रीडिंग जात नसे, माणसाने पुन्हा हाताने आकडा कळवायचा. पुढे सगळे मीटर एका सामाईक जाळ्यावर आणायचं काम त्यांना करावं लागलं. आपल्याकडे मीटर आत्ता बसतायत. उद्या कंपनी बदलली तर हाच मीटर चालेल का, हे आजच विचारायला हवं. दारात नवा खड्डा आणि नवा खर्च नंतर कुणाला पाहिजे?

तोवर आपल्या हातात काय?

एक, मीटर बदलताना जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा आणि नव्याच्या पहिल्या आकड्याचा मोबाईलमध्ये फोटो काढा. पुढच्या बिलाशी ताडून बघा.

दोन, बिलावरचा ग्राहक प्रकार बघा. दारिद्र्यरेषेखालचा, महिना ३० युनिटपर्यंतचा दर ज्यांना आहे, त्यांचा प्रकार मीटर बदलल्यावर तोच राहिला पाहिजे.

तीन, रीडिंग जास्त वाटतं तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. २०२४ च्या केंद्राच्या नियमानुसार तक्रार आल्यापासून ५ दिवसांत कंपनीने तपासणीसाठी जोडीला दुसरा मीटर लावायचा आणि किमान ३ महिने दोन्ही ताडून बघायचे.

चार, १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे वकील लागत नाही.

पाच, ज्याला छप्पर आणि ऐपत आहे त्याने सोलरचा विचार करावा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यालाही दोन्ही बाजूंनी मोजणारा नेट मीटर लागतो. कंपनी न बदलता बिल कमी करायचा आज तरी हाच खरा मार्ग आहे. मात्र कुडाच्या घराला तो चालत नाही, हेही खरं.

शेवटचं. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही पेसा तालुके आहेत, ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे. मीटर कोणता, कोण बसवतो, बिघडला तर कोणाला सांगायचं, उद्या कंपनी बदलली तर हाच मीटर चालेल का, हे सांगायला उपविभागाच्या अभियंत्याला ग्रामसभेत बोलवा. ठराव लिहून घ्या. त्या पोराला मी हेच बोललो. पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न तोच मांडणार आहे.