‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

काही शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेले असतात की, त्यांचा अर्थ काय असे कोणी विचारले तर आपण क्षणभर गोंधळून जातो. ‘सार्वजनिक’ हा असाच एक शब्द आहे. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक बाग, सार्वजनिक गणेशोत्सव असे आपण नित्य म्हणतो. जे सर्व जनांचे, ते सार्वजनिक. अर्थ इतका सरळ आहे. परंतु या ‘सर्व’ जनांत नेमके कोण कोण येतात, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. मोठे उत्सव व मिरवणुका ज्या रस्त्यांवरून जातात, त्या रस्त्यांच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या बाजूने तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

उदाहरणासाठी पुण्याचा गणेशोत्सव घेऊ. पूर्वी गणपती मुख्यतः घरोघरच्या मखरात बसत असे. १८९३ साली व त्याच्या आगेमागे तो चौकात आला. लोकमान्य टिळकांनी आपल्या ‘केसरी’ पत्रातून या उपक्रमाला बळ दिले. परकीय राजवटीत लोकांनी एकत्र यावे, एकमेकांस ओळखावे, चार विचार ऐकावेत, हा त्यामागील हेतू होता. व्याख्याने, कीर्तने व मेळे यांनी दहा दिवस गजबजून जात. पुढे हा उत्सव महाराष्ट्रभर पसरला आणि २०२५ साली राज्य शासनाने त्याला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. पेणच्या मूर्तिकारापासून मंडईतील फुलवालीपर्यंत कित्येकांच्या चुली या उत्सवावर पेटतात. वर्गणीचा हिशेब ठेवणे, कामे वाटून घेणे, गर्दी आवरणे या गोष्टी अनेक तरुण प्रथम मंडळातच शिकतात. तेव्हा उत्सव नसावेत असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य होणार नाही. माणसाला नुसते काम पुरत नाही. त्याला आनंदही हवा असतो, आणि तोही चारचौघांसह हवा असतो.

परंतु आता याच उत्सवाकडे रस्त्यावरून न पाहता रस्त्याकडेच्या एखाद्या खिडकीतून पाहा. खिडकीतील माणसाचा उत्सव दहा दिवसांचा नसतो. त्याच्या कितीतरी दिवस आधी मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि नदीलगतच्या वस्त्यांची संध्याकाळ त्या आवाजात बुडून जाते. पुढे रस्त्यांत खड्डे खणून मांडव उभे राहतात. दोन वाहनांचा रस्ता एकाच वाहनाचा होतो. बसगाड्यांचे मार्ग बदलतात, आणि रोजचा थांबा कोठे गेला ते शोधत वृद्ध माणसे एका चौकातून दुसऱ्या चौकात हिंडतात. मग अनंत चतुर्दशी येते. सकाळी मंडईपासून मिरवणूक निघते. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता व टिळक रस्ता माणसांनी भरून जातात. अलीकडील वर्षांत ही मिरवणूक चोवीस तासांहून अधिक काळ चालते. दिवस मावळतो, रात्र सरते, दुसरा दिवस उगवतो, तरी ती संपलेली नसते.

एवढा वेळ त्या खिडकीमागील घरात काय चालले असेल? दूधवाला गल्लीत शिरू शकत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी येत नाही. घरकामासाठी दूरच्या वस्तीतून येणाऱ्या बाईला अर्धे शहर पायी तुडवावे लागते. ती न आली, तर तिची मजुरी बुडण्याची भीती. रुग्णालयात रात्रपाळी करून परतलेल्या परिचारिकेला दिवसा झोप मिळत नाही आणि संध्याकाळी पुन्हा कामावर जाण्यास वाट मिळत नाही. पदपथावर कंगवे-आरसे विकून पोट भरणाऱ्यास ती जागाच उरत नाही. पाहावयास आलेला माणूस कंटाळला म्हणजे घरी जातो. परंतु ज्याचे घरच तेथे आहे, त्याने कोठे जावे?

या सर्वांत आवाजाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम आपल्या देशात २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा त्यांत घातली आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरविता येते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणासुदीसाठी राज्य शासन मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, परंतु तीही वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनी उत्सवाचाही विचार केला होता आणि झोपेचाही. परंतु पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरील आवाज अनेक वर्षे मोजत आले आहेत, आणि त्यांना तो सरासरी ९० डेसिबलच्या वर वारंवार आढळला आहे.

५५ आणि ९५ या आकड्यांतील अंतर वाटते तेवढे थोडे नाही. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले की, ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ५५ डेसिबलच्या जागी ९५ डेसिबल आवाज झाला, तर त्याची तीव्रता चौपट नव्हे, तर १०,००० पट झालेली असते! एकावर एक रचलेल्या ध्वनिक्षेपकांची भिंत दारावरून जाते तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, फळीवरील भांडी वाजू लागतात आणि पाळण्यातील मूल दचकून उठते. दार लावून घ्यावे म्हटले, तर हा आवाज दाराला जुमानत नाही. डोळे मिटता येतात. परंतु कानांना पापण्या नाहीत.

मी ज्या शाळेत शिकवीत होतो, ती अशाच एका मिरवणुकीच्या वाटेवर होती. विसर्जनानंतर शाळा भरली की, पहिल्या तासाला निम्मी मुले बाकावर डोके टेकून बसलेली असत. त्यांतली काही रात्रभर नाचून आलेली होती. त्यांच्याविषयी काही म्हणावयाचे नाही. परंतु काहीजण मिरवणुकीला गेलेच नव्हते. कोणाच्या घरी आजी अंथरुणाला खिळलेली होती, कोणाकडे महिन्याभराचे बाळ होते. ती मुले आपल्या माणसांजवळ जागत बसली होती. जांभई दोघांच्याही तोंडी होती. एकाने ती स्वतः निवडली होती. दुसऱ्यावर ती लादली गेली होती. या दोन जांभयांत जो फरक आहे, तोच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ‘वर्षातून एकदाच तर येतो हा दिवस, थोडे सोसावे.’ हे म्हणणे वरवर रास्त वाटते. परंतु दहीहंडी वर्षातून एकदाच येते, नवरात्रही एकदाच येते, थोर पुरुषांची प्रत्येक जयंती एकदाच येते, उरूस एकदाच भरतो. सभा, पुढाऱ्यांचे दौरे आणि लग्नाच्या वराती यांना तर गणतीच नाही. प्रत्येकजण ‘आमचे एकदाच’ असे म्हणतो, आणि ही सगळी ‘एकदाच’ बहुधा त्याच त्या चार रस्त्यांवर येऊन पडतात. सोसणारा मात्र दर वेळी तोच असतो.

दुसरा आक्षेप असा की, ज्यांना त्रास होतो त्यांनी दोन दिवस बाहेरगावी जावे. ज्यांच्यापाशी पैसा आहे व जाण्यास जागा आहे, ते जातातही. परंतु आजारी माणसाला कोठे हलवावे? रोजंदारीवर जगणाऱ्याने दोन दिवसांची कमाई कोठून आणावी? तिसरा आक्षेप याहून चतुर आहे. ‘आजवर आमच्याकडे कोणी तक्रार केली नाही,’ असे सांगतात. परंतु गल्लीतल्या मंडळाशी वर्षभर शेजारधर्म पाळावयाचा असेल, तर तक्रार करण्यास कोण धजावेल? मौन म्हणजे संमती असे दर वेळी मानता येत नाही; पुष्कळदा ते केवळ मौनच असते.

असे असले, तरी मी निराश नाही, आणि त्याचे कारण मला मिरवणुकीतच सापडले आहे. ऐन गर्दीत, पाय ठेवावयास जागा नसताना, रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो. ढोल थांबतात. कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता तो जनसमुदाय मधोमध दुभंगतो आणि गाडी निघून जाते. पुण्याने हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. जे लोक हे करू शकतात, ते निर्दय आहेत असे कोण म्हणेल? मग त्याच रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीपलीकडे कण्हत पडलेल्या रुग्णासाठी ढोल का थांबत नाहीत? कारण एवढेच की, रुग्णवाहिकेला भोंगा असतो, दिवा असतो; घरातल्या रुग्णाला यांतले काहीच नसते. दिसलेल्या दुःखाला वाट मिळते. न दिसलेले दुःख तसेच राहते. म्हणून दोष अंतःकरणाचा नाही, तर न दिसण्याचा आहे. जे दिसत नाही ते पाहण्याची व्यवस्था केली, तर पुष्कळ काही साधेल.

व्यवस्था केल्याने उत्सव थांबत नाही, याला पंढरपूरची साक्ष आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्या गावाची वस्ती सुमारे एक लाख. आषाढीला मात्र तेथे त्याच्या कितीतरी पटींनी वारकरी लोटतात. पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटातच राहुट्या पडत व नदीचे पात्र घाणीने भरून जाई. त्याचा त्रास गावकऱ्यांना होई, तसा वारकऱ्यांनाही होई. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढे नदीच्या पलीकडील तीरावर सुमारे ६५ एकर जागेत राहण्याची सोय करण्यात आली. सारे प्रश्न सुटले असे नाही. परंतु वारी चालू राहिली आणि नदीलाही थोडा श्वास घेता आला.

आपल्या गल्लीत याहून पुष्कळ लहान गोष्टींनी काम भागेल. मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीसाठी प्रत्येक दारी जातातच. त्याच वेळी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : ‘घरात कोणी आजारी आहे का? तान्हे मूल आहे का? कोणाची परीक्षा आहे का?’ मिळालेली उत्तरे वहीत टिपून ठेवावीत आणि त्या घरांपुढून जाताना वाद्ये थांबवावीत. कोणता रस्ता कधी बंद होणार व कधी उघडणार, हे आठ दिवस आधी प्रत्येक घरी कळवावे. चालण्यापुरती एक पट्टी कायम मोकळी ठेवावी. मिरवणूक ठरल्या वेळी निघावी, तशी ती ठरल्या वेळी संपावी. दुसऱ्या दिवशी रस्ता झाडण्याचा भार एकट्या सफाई कामगारांवर न टाकता कार्यकर्त्यांनीही हाती झाडू घ्यावा. यांतल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही, आणि एकीनेही देवाच्या पूजेत उणीव येत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकजण आज मांडवात प्रसाद वाटतात. उद्या तुम्हीच ढोल बांधाल, मंडळ चालवाल, मिरवणुकीच्या अग्रभागी चालाल. त्या वेळी समोरच्या गर्दीकडे अवश्य पाहा. पण मान वर करून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडेही पाहा. कोणती खिडकी उघडी आहे आणि कोणती घट्ट बंद आहे, हे ध्यानात ठेवा. उघड्या खिडकीतील माणूस तुमच्या आनंदात सामील आहे. बंद खिडकीमागेही कोणी आहे, आणि ‘सर्व जनां’त त्याचीही गणना होते. त्याची विचारपूस दुसऱ्या दिवशी नव्हे, तर आदल्या दिवशी त्याच्या दारी जाऊन करावयाची असते.