पगार बिलातच हवा

गणपतीचं विसर्जन आटोपलं, हॉलच्या खुर्च्या रचून झाल्या आणि मराठी मंडळाचे दमलेले कार्यकर्ते न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला बसले. चौदा माणसं. जेवण झकास झालं, गप्पा त्याहून झकास. बिल आलं आणि दर वर्षीचा वाद पेटला. जेवणाचे पैसे दिले, मग वर अठरा टक्के कशाचे? वाढणाऱ्याला पगार देणं मालकाचं काम, गिऱ्हाइकाचं नव्हे. जपानमध्ये टीप ठेवली तर मागे धावत येऊन परत करतात. मुंबई-पुण्यात तर सर्व्हिस चार्जची सक्ती करता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तेच सांगितलं. शेवटी कुणीतरी दहा डॉलरची नोट ठेवून विषय मिटवला.

टेबलाच्या टोकाला कार्यकारिणीतल्या एका काकूंचा मुलगा बसला होता. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळाभर एका डायनरमध्ये वेटरचं काम करत होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही टीप दिली नाही तर मालकाचं काही जात नाही. आपल्याला वाढणाऱ्या त्या मुलीच्या खिशातून जातं."

क्षणभर सगळे गप्प झाले. पण कुणाला पटलं असं दिसलं नाही, आणि गाड्यांपर्यंत जाताना "आजकालची मुलं" हा विषय निघाला. त्या मुलाच्या बाजूने कुणीतरी सविस्तर बोलायला हवं, म्हणून हा लेख.

तो म्हणाला ते शब्दशः खरं आहे. रात्री हिशेब होतो तेव्हा वेटरला मिळालेल्या टिपेतून ताटं उचलणाऱ्याला, बारवाल्याला, दारावर जागा दाखवणाऱ्याला वाटा द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हा वाटा मिळालेल्या टिपेवर काढत नाहीत, त्या वेटरने केलेल्या विक्रीवर काढतात. बिल चारशे डॉलरचं आणि वाटा तीन टक्के धरला, तर तिने बारा डॉलर द्यायचे. टेबलावर होते दहा. उरलेले दोन तिने दुसऱ्या टेबलांच्या टिपेतून भरायचे. म्हणजे चौदा जणांना दोन तास वाढून ती त्या टेबलापुरती तोट्यात गेली.

आणि पगार? न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख ५.६२ दिले तरी कायद्याला चालत होतं. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की २.८३. टेक्सासात, जिथे आपली किती तरी मंडळं आहेत, २.१३. हा २.१३ चा आकडा संघराज्याच्या कायद्यातला, १९९१ पासून तसाच गोठलेला. आज वेटर म्हणून काम करणारी कित्येक मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. टीप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असं कलम आहे. पण तो हिशेब आठवड्याचा असतो. मंगळवारची रिकामी संध्याकाळ शनिवारच्या गर्दीत मिसळून जाते. आणि फरक मागायला गेलेल्या मुलीला पुढच्या आठवड्यात शनिवारची पाळी मिळेल का, हे कलमात लिहिलेलं नसतं.

तेव्हा "पगार मालकाने द्यावा" हे काकांचं तत्त्व अगदी बरोबर आहे. चूक आहे ती टीप न देऊन ते तत्त्व पाळलं असं मानण्यात. आपल्या घरी, पुण्यात असो की साताऱ्यात, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार ठरलेला असतो आणि दिवाळीला वर पोस्त असतं. पोस्तावरच वर्षभर भागवा, असं त्यांना कुणी सांगत नाही. इथल्या कायद्याने नेमकं तेच सांगितलं आहे. पोस्तावरच भागवायला लावणाऱ्या घरात पोस्त बंद केलं, तर पगार आपोआप वाढत नाही.

हे असं का झालं याला इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाही. गुलामगिरी संपल्यावर मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत कामाला घेतलं. पगार जुजबी, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि कंपनीकडून करार मिळवायला त्यांना १९३७ उजाडलं. पुढच्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, पण हॉटेल कामगार त्याच्या कक्षेत यायला १९६६ साल लागलं. आणि आले तेही टीप पगारात धरण्याच्या सवलतीसकट.

मग टीपच बंद करून टाकली तर? हा प्रयोग झालेला आहे, आणि चांगल्या माणसांनी केलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मायर यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात आपल्या हॉटेलांमधून टीप काढून टाकायचं जाहीर केलं, सुरुवात द मॉडर्नपासून. पदार्थांच्या किमती वाढवल्या, पगार त्यातून. त्यांचा मुख्य मुद्दा भटारखान्याचा होता: समोर वाढणाऱ्याची कमाई टिपेमुळे वर जात होती आणि आत कढईशी घाम गाळणारा होता तिथेच राहत होता, कारण न्यूयॉर्कच्या कायद्याने टिपेत त्याला वाटा देता येत नाही. पण चांगले वेटर सोडून जाऊ लागले आणि २०२० च्या जुलैत टीप परत आली. डेव्हिड चँग यांनी निशी हे हॉटेल २०१६ च्या आरंभी टिपेशिवाय उघडलं; ते वर्ष सरायच्या आत टीप आली. जोज क्रॅब शॅक या हॉटेलांच्या साखळीने अठरा ठिकाणी करून पाहिलं, चौदा ठिकाणी मागे घेतलं.

का फसलं? गिऱ्हाईक मेनूवरचा आकडा बघतं. अठरा डॉलरची डिश आणि वर टीप हे चालतं. तीच डिश बावीस डॉलरला लिहिली की महाग वाटते, खिशातून जाणारे पैसे जवळपास तेवढेच असले तरी. शेजारचं हॉटेल अठराच लिहीत असेल तर एकट्याने प्रामाणिक होणारा मालक मरतो. आपण वेगळे आहोत का? टीप ही वाईट प्रथा म्हणणारी माणसं थाळी चार डॉलरने महागली की दुसऱ्या हॉटेलात जातात.

सॅन फ्रान्सिस्कोतलं झॅझी हे हॉटेल मात्र २०१५ पासून टिपेशिवाय चालू आहे, कामगारांना विक्रीत वाटा देऊन. त्यामागे मालकाची निष्ठा आहे तसा कॅलिफोर्नियाचा कायदाही आहे. तिथे टीप पगारात धरता येत नाही. पूर्ण किमान वेतन सगळ्यांनाच द्यावं लागतं. अशी सात राज्यं आहेत, आणि तिथली हॉटेलं ओस पडलेली नाहीत. सनीवेल-फ्रीमाँटच्या मराठी मंडळींना हे सांगायला नको, तिथे इडली खायलाही रांग असते.

कायदा बदलण्यासाठी झटणाऱ्यांत सारू जयरामन हे भारतीय वंशाच्या बाईंचं नाव पुढे आहे. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यात जुळ्या मनोऱ्यांपैकी एकाच्या माथ्यावरच्या विंडोज ऑन द वर्ल्ड या हॉटेलातले ७३ कामगार गेले; वाचलेल्या, बेकार झालेल्या त्यांच्या सहकाऱ्यांसोबत जयरामन यांनी संघटना उभारली. त्यांची मागणी सगळीकडे मान्य होते असं नाही. शिकागोने २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने पूर्ण वेतन द्यायचं ठरवलं, मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये तसा प्रस्ताव फेटाळला. फेटाळणाऱ्यांत खुद्द वेटरही होते, कारण महागड्या हॉटेलात टीप भरपूर मिळते. त्यांची भीती खोटी नाही. पण डोसा सेंटरमध्ये वाढणाऱ्या मुलाची कमाई त्या हॉटेलांवरून मोजता येत नाही.

कॉफीच्या काउंटरवर स्क्रीन फिरवून वीस टक्के मागतात, त्याचा राग येतो. तो राग रास्त आहे, पण तो टेबलावर वाढणाऱ्यावर काढू नये. २०२५ च्या नव्या कायद्याने टिपेवरच्या प्राप्तिकरात सवलत दिली, तीही ज्यांची कमाई मुळात करपात्र नाही त्यांच्या काही कामाची नाही. यावर वेगळा लेख लागेल.

खरी खंत आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांची आहे. मंडळाच्या जेवणात केटररशी ताटामागच्या पन्नास सेंटांसाठी तासभर घासाघीस होते, आणि श्रीखंड वाढणाऱ्या, रात्री अकराला भांडी उचलणाऱ्या माणसांना काय मिळतं, हे कुणी विचारत नाही. काहींची समजूत असते की बिलातला सर्व्हिस चार्ज त्यांना जातो. संघराज्याच्या कायद्यानुसार सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही टीप नव्हे, ते मालकाचं उत्पन्न; कामगारांत वाटलंच पाहिजे असं बंधन त्या कायद्यात नाही. ज्या समाजाने कष्टकऱ्याच्या हक्कांवर इतकी भाषणं ऐकली आणि केली, त्याने आपल्याच पंगतीत एवढी चौकशी करायला हवी. हे कीर्तन वाटत असेल तर क्षमा असावी. वर्गणी गोळा करणं, हॉल मिळवणं, तिकीट परवडेल असं ठेवणं किती जिकिरीचं आहे याची लेखकाला जाणीव आहे, आणि कार्यकारिणीतली सगळी माणसं हे काम पदरमोड करून करतात.

तरीही दिवाळीच्या जेवणाचं कंत्राट करताना केटररला तीन गोष्टी विचाराव्यात आणि कागदावर घ्याव्यात: वाढायला किती माणसं येणार, त्यांना तासाला किती मिळणार, आणि सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो कुणाकडे जाणार. तीनशे ताटांना आठ वाढपी, पाच तास, तासाला वीस डॉलर असं धरलं तर आठशे डॉलर होतात. ताटामागे पावणेतीन डॉलरही पडत नाहीत, आणि त्यातला काही भाग केटरर आजही देतच असणार. उरलेलं तिकिटात वाढवावं, आणि ते कशासाठी वाढलं हे तिकिटावर छापावं.