विज्ञानपटाला पैसा लागतो की प्रश्न?

विज्ञानपट म्हटले की अवकाशयाने, स्फोट आणि शेकडो कोटींचा खर्च डोळ्यांसमोर येतो. हे समीकरण खोडून काढणारे चित्रपट मात्र फारसे चर्चेत नसतात.

‘प्रायमर’ (२००४) अवघ्या ७,००० डॉलरमध्ये तयार झाला. गॅरेजमध्ये खटपट करणाऱ्या दोन अभियंत्यांच्या हाती कालयंत्र लागते आणि मैत्रीतला विश्वास संपतो. ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ (२००७) जवळजवळ एका दिवाणखान्यातच घडतो. आपण १४ हजार वर्षे जगत आहोत, असे एक प्राध्यापक सहकाऱ्यांना सांगतो. ‘कोहिरन्स’मध्ये (२०१३) धूमकेतूच्या रात्री वीज जाते आणि उजेड असलेल्या घरात डोकावले तर आत आपणच! आरती कडव यांच्या हिंदी ‘कार्गो’त (२०१९) अंतराळयानावरचे राक्षस मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करतात.

चारही चित्रपटांचे भांडवल एकच, एक ‘समजा’ आणि तो शेवटपर्यंत निभावण्याची हिंमत. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा ‘समजा’ नवा नाही. तरीही मराठी पडद्यावर विज्ञानपट दुर्मीळच. ‘बजेट नाही’ ही सबब आता पुरे. निर्मात्यांनी आधी पटकथेवर खर्च करावा. अवकाशयान नंतर पाहू.